बीजोत्सर्गाचा दिवस

तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणाऱ्या स्त्रीने गर्भधारणेसाठी बीजोत्सर्गाचा दिवस ठरविताना केवळ थर्मामीटरवर विसंबू नये, असे मी आग्रहाने सांगेन. कारण अंथरूण सोडण्यापूर्वी घेतलेले तापमान निदान तीन तासांच्या अखंड निद्रेनंतरच विश्वसनीय ठरते, आणि त्यातील अर्ध्या अंशाच्या आतबाहेरची वाढ बीज सुटून गेल्यावर, म्हणजे संधी बहुतांशी हुकल्यावर, दृष्टोत्पत्तीस येते. बीजोत्सर्ग पुढील पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी होतो, हे जपानच्या डॉ. ओगिनो यांनी १९२४ साली मांडले. तेव्हा ‘चौदावा दिवस’ हा सर्वांना लागू होणारा कायदा नव्हे. बीज जेमतेम एक दिवस टिकते, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत. सबब अंड्यातील पांढऱ्या भागासारखा पारदर्शक, बोटांत ताणला जाणारा स्राव दिसू लागताच प्रयत्न सुरू करावेत. मेडिकलमधून आणलेल्या, बीजोत्सर्ग ओळखण्याच्या पट्टीवरील चाचणीची रेघ शेजारच्या रेघेइतकी गडद झाली, की बहुधा २४ ते ३६ तासांत बीज सुटते. पीसीओएस हा बीजकोशांचा विकार असल्यास मात्र ही पट्टी फसवू शकते. वर्षभरात, आणि पस्तिशीनंतर सहा महिन्यांत, गर्भ न राहिल्यास डॉक्टरांकडे दोघांनी जावे व पतीची वीर्यतपासणी आरंभीच करावी. जाब एकट्या सुनेला विचारण्याचा शिरस्ता अन्यायाचा आहे.