२६ जुलैचा पाऊस २७ तारखेला का सापडतो?

२६ जुलै २००५. मुंबईत त्या दिवशी असलेला कुणीही ही तारीख विसरलेला नाही. सांताक्रूझच्या केंद्रावर चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आता भारतीय हवामान विभागाची रोजच्या पावसाची नोंद उघडा आणि हा आकडा शोधा. तो २६ जुलैसमोर नाही, २७ जुलैसमोर आहे.

ही चूक नव्हे. आपल्याकडे पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचला जातो. काल सकाळी साडेआठपासून आज सकाळी साडेआठपर्यंत जो पाऊस पडला, तो आजच्या तारखेला लागतो. २६ तारखेच्या दुपारपासून कोसळलेला पाऊस म्हणूनच २७ च्या रकान्यात जातो. हवामानशास्त्र शिकणाऱ्या कुठल्याही मुलाला हे पहिल्या वर्षीच कळतं. इतकं सगळ्यांना माहीत असतं, की कुणी ते परत सांगत नाही. घोळ इथेच होतो, कारण हा डेटा वापरणारे सगळे हवामानशास्त्राचे नसतात.

दरडींवर काम करणारा भूगर्भशास्त्रज्ञ तो घेतो. लेप्टोच्या साथींवर काम करणारा डॉक्टर घेतो. पीकविम्यावर काम करणारी अर्थशास्त्राची मुलगी घेते. यांच्या मनात ‘तारीख’ म्हणजे रात्री बारा ते रात्री बारा, आणि फाइलमध्ये फक्त तारीख लिहिलेली असते.

याने किती फरक पडतो? लेप्टोची लक्षणं दिसायला साधारण पाच ते चौदा दिवस लागतात, तिथे एका दिवसाची सरक खपूनही जाईल. दरडींचं तसं नाही. इर्शाळवाडीची दरड १९ जुलै २०२३ च्या रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास कोसळली. आता कुणी ‘१९ जुलैचा पाऊस’ म्हणून फाइलमधला आकडा उचलला, तर त्याला मिळेल १८ च्या सकाळपासून १९ च्या सकाळपर्यंतचा पाऊस. दरड कोसळण्याआधीचे शेवटचे चौदा तास, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचे तास, त्यात नाहीतच. ते २० तारखेच्या आकड्यात आहेत, आणि तिथे दरडीनंतरचा पाऊसही मिसळलेला आहे.

मग ‘सगळं एक दिवस मागे सरकवा’ असा नियम करावा का? तोही चालत नाही. माळीणची दरड ३० जुलै २०१४ च्या सकाळची. तिथे ३० तारखेचा आकडा जवळजवळ पूर्णपणे दरडीच्या आधीचा आहे आणि तोच हवा आहे. दरड किती वाजता आली हे पाहिल्याशिवाय कुठली तारीख घ्यायची ते ठरत नाही, आणि इर्शाळवाडीसारख्या ठिकाणी तर तासातासाची नोंदच लागते. अशा अनेक घटना एकत्र करून लोक ‘किती पावसाला दरडीचा धोका’ हे ठरवतात, त्यावर इशारे अवलंबून असतात. तारखा भलत्याच लागल्या तर तो आकडाही भलताच येईल, आणि प्रोग्रॅम कुठलीही एरर दाखवणार नाही.

मी स्वतः पाऊस आणि आजार यांच्या संबंधावर काम करते, त्यामुळे दोन विषयांच्या सीमेवर बसून दोन्हीकडच्या फाइली जोडणं हे माझं रोजचं काम. त्यावरून माझं मत असं बनलं आहे, की डेटा खुला आहे की नाही हा प्रश्न आता तितका अवघड राहिलेला नाही. पुण्याच्या हवामान विभागाचा पावसाचा ग्रिड डेटा १९०१ पासूनचा आहे आणि फुकट मिळतो. अवघड आहे ते दुसऱ्या विषयाच्या माणसाला तो कळणं. डेटासोबत जे द्यायचं राहतं ते बहुतेक वेळा गुपित नसतं; आपल्या विभागात सगळ्यांना माहीत असल्यामुळे ते कुणी लिहून ठेवत नाही, एवढंच.

त्या पावसाच्या ग्रिडचंच आणखी थोडं पाहू. तो पाव अंशाचा आहे, म्हणजे एक चौकोन साधारण २५ ते २८ किलोमीटरचा. प्रत्येक चौकोनातला आकडा कुठल्याही एका पर्जन्यमापकाचा नसतो, आसपासच्या केंद्रांवरून गणिताने काढलेला असतो. आता आठवा, ज्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पडला फक्त ७३. अंतर जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. ‘माझ्या वॉर्डात किती पाऊस पडला’ हे या ग्रिडला विचारायचंच नसतं. हवामानवाल्याला हे सांगावं लागत नाही. नकाशावर चौकोन बघून खूश झालेल्या दुसऱ्या कुणाला मात्र सांगावं लागतं.

शिवाय −९९९. ग्रिडमध्ये जिथे माहिती नाही, उदाहरणार्थ समुद्रावर, तिथे हा आकडा भरलेला असतो. हीच खूण लोक केंद्रांच्या तक्त्यांतही वापरतात. समजा कोकणातल्या एका केंद्राची वर्षाची सरासरी दिवसाला ७ मिलिमीटर आहे आणि नोंदीत एकच दिवस −९९९ आहे. एक्सेलला सरासरी काढायला सांगा, ४.२ येईल. उणे आकडा आला असता तर कुणीही दचकलं असतं. ४.२ बघून कोण दचकणार? (तापमानाच्या ग्रिडमध्ये हीच खूण ९९.९ आहे. का, ते मला विचारू नका.)

युरोपचा ईआरए५ डेटा जोडायला घेतलात तर तिथली वेळ यूटीसीमध्ये असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. दोन्हीकडे तारीख एकच लिहिलेली, दिवस मात्र दोन वेगळे.

काही विषयांनी हा प्रश्न फार पूर्वी ओळखला. खगोलशास्त्राने १९८१ मध्येच फिट्स नावाचा फाइलीचा प्रकार ठरवला. त्यात चित्राच्या आधी एक मथळा असतो: कुठली दुर्बीण, कधीचं निरीक्षण, एककं कुठली, आकाशातला कुठला भाग. आकडे आणि त्यांची ओळख एकाच फाइलमध्ये, म्हणजे वेगळी होऊन हरवायची भीती नाही. हवामानवाल्यांच्या नेटसीडीएफ फाइलीही अशाच आपली ओळख सोबत घेऊन फिरतात. जैवविविधतेच्या नोंदींसाठी डार्विन कोअर आहे, त्यात रकान्यांची नावंच ठरवून दिली आहेत.

बाकी बऱ्याच ठिकाणी अजून एक्सेलचंच राज्य आहे. त्याचा किस्सा बायोच्या मुलांना माहीत असेल. माणसाच्या काही जनुकांची नावं ‘सेप्ट२’, ‘मार्च१’ अशी होती. एक्सेलला वाटलं या तारखा आहेत, आणि त्याने परस्पर २ सप्टेंबर, १ मार्च करून टाकलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या पेपरांपैकी सुमारे एक पंचमांश पेपरांत असे बिघाड सापडले. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. एक्सेलपेक्षा जनुकांना समजावणं सोपं पडलं म्हणायचं.

उलट नीट ठेवलेला डेटा कुठवर जातो ते बघायचं तर प्रोटीन डेटा बँक. १९७१ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात सातच प्रथिनांच्या रचना होत्या. पुढे रचना तिथे जमा केल्याशिवाय जर्नलं पेपर घेईनाशी झाली, आणि प्रत्येक रचना एकाच ठरलेल्या साच्यात यायला लागली. पन्नास वर्षांत दीड लाखांहून जास्त रचना जमल्या. त्यावर शिकूनच अल्फाफोल्ड तयार झालं, आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याच्यापर्यंत पोचलं. १९८० च्या दशकात एकेका प्रथिनाचे स्फटिक करत बसलेल्यांना आपला डेटा संगणकवाले असा वापरतील हे कसं ठाऊक असणार? त्यांनी फक्त साचा पाळला.

‘आपण डेटा टाकला आणि दुसऱ्याने आपल्याआधी पेपर काढला तर?’ ही भीती खोटी नाही, विशेषतः फेलोशिपची मुदत संपत आलेली असताना. पण त्यावर सोपा उपाय आहे. पेपर निघेपर्यंत डेटा थांबवून ठेवता येतो. झेनोडोवर तो ठरावीक तारखेपर्यंत बंद ठेवून नंतर खुला करता येतो. डीओआय मिळतो, पैसे लागत नाहीत, आणि कुणी वापरला तर त्याने तुमचा उल्लेख करायचा असतो. जीवशास्त्रवाल्यांनी फरिदाबादचं इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरही बघून ठेवावं.

सगळंच खुलं करायचं नसतं, हेही खरं. रुग्णाचं नाव काढलं म्हणजे झालं, असं अनेकांना वाटतं. पण गाव, वय, लिंग आणि दवाखान्यात दाखल झाल्याची तारीख एवढे चार रकाने ठेवले, तर छोट्या गावात तो माणूस कोण हे शेजारीही सांगेल. दुर्मीळ प्राण्या-वनस्पतींच्या जागाही मुद्दाम ढोबळ करून देतात, नाहीतर शिकाऱ्याचीच सोय व्हायची. २०१६ पासून ज्यांचा बोलबाला आहे ती ‘फेअर’ तत्त्वंसुद्धा डेटा सापडावा, मिळवता यावा, इतरांच्या डेटाशी जुळावा, पुन्हा वापरता यावा असं म्हणतात; सरसकट खुला असावा असं म्हणत नाहीत. मिळवायची अट काय आहे ते स्पष्ट लिहिलं तरी पुरतं.

तुमच्या पहिल्या डेटासोबत रीडमीची एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा. प्रत्येक रकान्याचं नाव, एकक, मोजायची वेळ आणि ती कुठल्या घड्याळाची, माहिती नसल्याची खूण कुठली, उपकरण कुठलं, कच्च्या आकड्यांवर काय काय केलं, परवाना कुठला. सबमिशनच्या आदल्या रात्री हे आठवत नाही, म्हणून डेटा गोळा करतानाच लिहा. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच टाका, नाहीतर ०३-०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च यावर अमेरिकेतल्या कुणाशी तरी ईमेल करत बसाल.

मग ती फाइल दुसऱ्या विभागातल्या मित्राला द्या, आपण नव्हे अशा कुणाला. एखादा आलेख काढायला सांगा आणि शेजारी गप्प बसा. तो जो प्रश्न विचारेल त्याचं उत्तर तोंडी देऊ नका, रीडमीत लिहा. माझ्या फाइलीवर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न एकच आहे: ‘ही साडेआठची वेळ आपली की यूटीसी?’