गाड्या जळाल्या दादापूरला, घात झाला जांभुळखेड्याजवळ; जंगलातल्या लढाईचं गणित असतं तरी काय?

1 मे 2019, महाराष्ट्र दिन. कुरखेडा तालुक्यात दादापूरला नक्षलवाद्यांनी रात्रीतून रस्त्याच्या कामावरच्या दोन डझनांहून जास्त गाड्या पेटवल्या. त्याच दिवशी शीघ्र कृती दलाचे जवान तिकडे निघाले आणि जांभुळखेड्याजवळ त्यांची गाडी भूसुरुंगाने उडवली. 15 जवान अन् खासगी गाडीचा चालक, असे 16 जण गेले.

जाळपोळ म्हणजे गळाला लावलेलं आमिष. पोलीस येणार हे नक्की, येण्याची वाटही ठाऊक. मग थांबायचं फक्त. गनिमी युद्धात कमी बळाचा गट समोरासमोर भिडत नाही, तो शत्रूला आपल्या सोयीच्या जागी आणतो. म्हणूनच जंगलात जवानांनी शक्यतो पायीच जायचं आणि गेल्या वाटेने परत यायचं नाही, असा दंडक आहे. त्या दिवशी जवान गाडीत होते.

पण खरी ओढाताण गावावरून. लढणारा म्हणजे मासा अन् जनता म्हणजे पाणी, असं माओचं सूत्र. कोण आलं, कुठे थांबलं, किती होते, हे गावालाच माहीत. रात्री बंदूकवाला दारात आला तर भात नाही म्हणता येत नाही, आणि दिला तर दिवसा पोलीस विचारतात. 'खबऱ्या' ठरवून मारले गेलेले बरेच जण आदिवासीच होते.

सरकारलाही हे उशिरा उमगलं. 1990 मध्ये सी-60 पथक उभं राहिलं ते गोंडी, माडिया बोलणाऱ्या, जंगलाच्या वाटा पाठ असलेल्या स्थानिक पोरांच्या बळावर. मग गावबंदी योजना आली, 2005 पासून आत्मसमर्पण योजना, आणि दाखले काढून देणारी पोलीस दादालोरा खिडकी. चकमकीही झाल्याच, 2018 मध्ये बोरिया-कसनासूरला 40 नक्षली मारले गेले. पण ऑक्टोबर 2025 मध्ये भूपतीसारखा बडा नेता 60 साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं ठेवून आला, तेव्हा एक गोळी सुटली नाही. शरण आलेला माणूस सोबत माहितीही आणतो, हा वेगळाच फायदा.

पुरलेले सुरुंग मात्र जंगलात तसेच राहिलेले असू शकतात. तेंदूपत्त्याला किंवा मोहफुलं वेचायला गेल्यावर तार, डबा, ताजी उकरलेली माती दिसली तर हात लावू नका, मोबाईलने फोटो काढायलाही जवळ जाऊ नका. आल्या वाटेने मागे फिरा आणि जवळच्या पोलीस मदत केंद्रात कळवा.