साहेबाच्या ओट्यावरची पेन्सिल

१८ ऑगस्ट जवळ आला की विजयदुर्गाची बातमी ठरलेली. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’, तिथे दुर्बीण रोखून उभे असलेले खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर, १८६८चे खग्रास सूर्यग्रहण आणि त्या दिवशी तिथे सापडलेले हेलियम, असा मजकूर दर वर्षी छापून येतो. हे कितपत खरे, अशी शंका जिज्ञासू वाचकाला येतेच, आणि ती रास्त आहे. त्या दिवशी लॉकियर हिंदुस्थानात नव्हतेच. ग्रहण पाहायला फ्रान्सचे पिएर जॅन्सेन गुंटूरला उतरले होते, मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन मछलीपट्टणला होते आणि लेफ्टनंट हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीत. सौरज्वालांच्या वर्णपटातली पिवळी रेघ, म्हणजे हेलियमची खूण, या मंडळींनी पाहिली. लॉकियर यांनी ती पाहिली २० ऑक्टोबरला, इंग्लंडमध्ये, ग्रहण नसताना. तारखेचा पुरावाही पुरेसा बोलका आहे. १८ ऑगस्ट १८६८ ही श्रावण अमावास्या होती. त्या दिवशी घाटावरच्या जमखंडीतही ढगांनी हर्शेल यांना छळले. मग भर श्रावणात वाघोटनच्या खाडीच्या तोंडाशी आकाश मोकळे मिळेल, या भरवशावर कोणता शहाणा खगोलशास्त्रज्ञ दुर्बीण घेऊन येईल?

तरीही ओटे खोटे नाहीत. लॉकियर विजयदुर्गाला आले, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ रोजी, म्हणजे पौष अमावास्येला, कोकणचे आकाश निरभ्र असण्याच्या दिवसांत, भर दुपारी इथे खग्रास ग्रहण झाले. लॉकियर यांची छावणी किल्ल्यात पडली होती आणि यंत्रांसाठी बांधलेले ओटे त्या छावणीशीच जुळतात. या छावणीतली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र आपल्या बातम्यांत कधीच येत नाही. ‘मेल्पोमिनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी लॉकियर यांनी मदतीला घेतले होते, आणि त्यांतल्या काही जणांच्या हातात दुर्बीण नव्हती, कॅमेरा नव्हता; होते कागद आणि पेन्सिल. जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारात सूर्याभोवती उमलणारे प्रभामंडळ जसे दिसेल तसे कागदावर उतरवायचे, एवढेच त्यांचे काम. लॉकियर हे वर्णपटविज्ञानाचे एक जनक आणि ‘नेचर’ या नियतकालिकाचे संस्थापक संपादक. असा माणूस खलाशांच्या हाती पेन्सिल देतो, याला काही कारण असले पाहिजे. त्या कारणात आकाशचित्रकलेचा सगळा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा नायक आहे एत्येन लिओपोल्द त्रुव्हेलो. आकाशाचे चित्र काढणारा माणूस विज्ञानाची शोभा वाढवायला येत नाही. तो स्वतःच एक उपकरण असतो, हे त्याच्या आयुष्यावरून दिसते.

त्रुव्हेलो यांचा जन्म १८२७चा, उत्तर फ्रान्समधला. १८५१ साली लुई नेपोलियनने सत्ता बळकावल्यावर त्यांनी देश सोडला आणि अमेरिकेत बोस्टनजवळच्या मेडफर्ड गावात बिऱ्हाड केले. चित्रकारी पोटापाण्यासाठी आणि किडे पाळणे हौसेसाठी. रेशमाचा धंदा अमेरिकेत रुजवावा म्हणून त्यांनी युरोपातून एका पतंगाची अंडी आणली. १८६८-६९च्या सुमारास त्यातले काही सुरवंट निसटले, आणि आज तो ‘जिप्सी मॉथ’ उत्तर अमेरिकेतली जंगलेच्या जंगले ओरबाडतो. तुडतुड्यांनी मोहोर खाल्लेला हापूस ज्यांनी पाहिला आहे त्या देवगडकरांना या उपद्रवाची कल्पना सहज येईल. खुद्द त्रुव्हेलो यांना धोका कळला होता आणि त्यांनी तो सांगूनही पाहिला, पण कोणी लक्ष दिले नाही. पुढे त्यांची नजर झाडावरून आभाळाकडे वळली. त्यांनी काढलेली ध्रुवीय प्रकाशाची चित्रे हार्वर्ड वेधशाळेचे संचालक जोसेफ विनलॉक यांच्या पाहण्यात आली आणि १८७२ साली वेधशाळेची पंधरा इंची दुर्बीण या विनापदवीच्या कलावंतापुढे मोकळी झाली. १८७५ साली वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेची सव्वीस इंची दुर्बीणही मिळाली. १८८२ साली त्यांच्या पेस्टल चित्रांतली पंधरा निवडक चित्रे रंगीत शिळाछापाने प्रसिद्ध झाली: सूर्यावरचे डाग, सौरज्वाला, मंगळ, गुरू, शनी, १८८१चा धूमकेतू, आकाशगंगा, मृगातला तेजोमेघ. आयुष्यभरात त्यांनी सुमारे ७,००० चित्रे काढली आणि पन्नासेक शोधनिबंध लिहिले. त्याच १८८२ साली ते मायदेशी परतले, पॅरिसजवळच्या म्युदों वेधशाळेत. तिचे संचालक कोण? गुंटूरचे जॅन्सेन! पुढच्याच वर्षी दोघे पॅसिफिकमधल्या कॅरोलाइन बेटावर एकत्र ग्रहण पाहायला गेले. त्रुव्हेलो वारले २२ एप्रिल १८९५ रोजी. त्याआधी महिन्याभराच्या आतच, २६ मार्चला, विल्यम रॅम्झी यांना पृथ्वीवर पहिल्यांदा हेलियम सापडले होते.

या माणसाची खरी करामत रंगांत नव्हती, ती पद्धतीत होती. दुर्बिणीच्या नेत्रिकेत त्यांनी चौकोन आखलेली काच बसवली आणि समोर तसेच चौकोन आखलेला कागद घेतला. आकाशातला प्रत्येक तपशील ज्या चौकोनात दिसेल त्याच चौकोनात उतरवायचा, मधली जागा कल्पनेने भरायची नाही. सावंतवाडीचा गंजिफा डोळ्यांसमोर आणला तर यातला अवघडपणा कळेल. दशावतारी डावात १२० गोल पाने असतात आणि चिताऱ्याला ती सगळी हाताने रंगवायची असतात. मागची बाजू मात्र अशी एकसारखी हवी की कोणते पान कोणाच्या हाती आहे ते प्रतिस्पर्ध्याला ओळखता येऊ नये. मत्स्य असो की कल्की, पाने वेगवेगळ्या दिवशी रंगवलेली असोत की वेगवेगळ्या हातांनी, चिताऱ्याचा स्वतःचा ठसा तिथे उमटता कामा नये. आकाशचित्रकाराचीही कसोटी हीच. एकाच रात्री दोन ठिकाणी बसलेल्या दोघांनी गुरू काढला तर दोन्ही चित्रांत गुरू ओळखू यावा, चित्रकार ओळखू येऊ नये. फरक एवढाच की चिताऱ्याला नमुना पाठ असतो. आकाशचित्रकारापुढे जे असते ते आजवर कोणी पाहिलेले नसते, आणि हात तर सवयीने नेहमी माहितीतलेच काढू पाहतो. म्हणून या कलेत आधी हाताला आवरायला शिकावे लागते.

पण छायाचित्रणाच्या जमान्यात हा खटाटोप कशाला, हा पहिला आक्षेप. त्याचे उत्तर प्रभामंडळातच आहे. सूर्याच्या कडेपासून थोडे बाहेर गेले की त्याचा उजेड हजार पटींनी आणि त्याहूनही अधिक उतरतो. एकोणिसाव्या शतकातली छायाचित्राची काच आतल्या भागासाठी योग्य वेळ उघडी ठेवली तर बाहेरचा भाग उमटत नसे. बाहेरच्यासाठी ठेवली तर आतला भाग नुसता पांढरा होऊन जाई. डोळा हे दोन्ही एकदम पेलतो. हे त्या काळी माहीत होते, म्हणून रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे विल्यम वेस्ली हे कुशल खोदकार १८७१च्या ग्रहणाच्या अनेक काचा भिंगाखाली घेत आणि त्यांतले तपशील एकाच चित्रात उतरवत. त्या काचा बेकल आणि उटीजवळच्या दोड्डबेट्टावर घेतलेल्या होत्या. १८७१चे प्रभामंडळ सगळीकडे सारखे पसरलेले. १८७८चे, त्रुव्हेलो यांनी वायोमिंगमध्ये रेखाटलेले, पंखांसारखे दोन्ही बाजूंना लांबलेले. अशी वर्षावर्षांची चित्रे शेजारी ठेवूनच कळले की सूर्यडागांच्या अकरा वर्षांच्या चक्राबरोबर प्रभामंडळाचा आकारही बदलतो. हा शोध चित्रांचा आहे.

आक्षेप घेणारा इथे गप्प बसणार नाही, बसूही नये. विजयदुर्गाचेच ग्रहण वऱ्हाडात तळणीला ॲनी माँडर पाहत होत्या. स्वतः योजलेल्या छोट्या कॅमेऱ्याने त्यांनी सूर्यापासून निघालेला जो लांबलचक किरणझोत टिपला, तसा त्याआधी कोणत्याही काचेवर आला नव्हता. म्हणजे लॉकियर यांचे खलाशी पेन्सिली सरसावून बसले होते त्याच दुपारी कॅमेऱ्याने पेन्सिलीवर मात केली, हे कबूल करायला हवे. पण असा झोत असतो आणि तो शोधला पाहिजे, हे कॅमेऱ्यामागच्या बाईला कुठून कळले? १८७८ साली निरीक्षकांनी नुसत्या डोळ्यांनी असे झोत पाहून नोंदवून ठेवले होते. डोळ्याने वाट दाखवली आणि काचेने शिक्कामोर्तब केले. आजही ग्रहणाचे जे देखणे छायाचित्र आपण पाहतो ते एका क्लिकचे नसते. कमी-अधिक वेळांची कित्येक छायाचित्रे संगणकावर एकमेकांवर बसवून ते तयार होते. वेस्ली हाताने जे करत तेच आता आज्ञावली करते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हात फसतो, आणि हातामागचे मन त्याहून फसते. दहा खलाशांची दहा चित्रे दहा तऱ्हांची येणार. खुद्द त्रुव्हेलोही यातून सुटले नाहीत. मंगळावरचे करडे डाग ऋतूनुसार बदलताना त्यांनी मन लावून रेखाटले आणि १८८४ साली ती वनस्पती असू शकेल असे सुचवले. वनस्पती नव्हती, पुढे कळले की ती वाऱ्याने इकडेतिकडे होणाऱ्या धुळीची करामत. पण चुकले काय ते नीट पाहिले पाहिजे. बदल खरा होता, चित्रेही खरी होती. चुकला तो अर्थ. उपकरणाने दाखवलेले दृश्य आणि माणसाने लावलेला अर्थ वेगळे ठेवता आले तर उपकरण निर्दोष ठरते. आणि दहा चित्रांतल्या मतभेदावर उपाय आहे तो अकराव्या चित्राचा. जे एकाच कागदावर आहे ते हाताचे, जे सगळ्यांत आहे ते सूर्याचे. लॉकियर यांना एका थोर चित्रकारापेक्षा पुष्कळ साधे खलाशी का हवे होते, याचा उलगडा इथे होतो.

या परंपरेतून पुढे दोन वाटा फुटल्या, आणि नावाजली गेली ती चुकीची. फ्रान्सचे ल्युसियाँ रुदो स्वतः निरीक्षक होते. चंद्रबिंबाच्या कडेवर डोंगरांची आकृती पाहून त्यांनी चांद्रपर्वत गोलसर, झिजल्यासारखे रंगवले. १९३७ सालच्या त्यांच्या पुस्तकात ते तसेच आहेत. अमेरिकेच्या चेस्ली बोनस्टेल यांनी मात्र चंद्रावर सुळक्यांची रांग उभी केली. ‘लाइफ’ साप्ताहिकातली त्यांची १९४४ची शनीची चित्रे आणि १९४९चे ‘द कॉन्क्वेस्ट ऑफ स्पेस’ हे पुस्तक यांनी एका पिढीला अवकाशाचे वेड लावले, ते श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण अपोलोचे यात्री चंद्रावर उतरले तेव्हा डोंगर निघाले रुदोंचे. आज वृत्तपत्रांत एखाद्या दूरच्या ग्रहावरचे समुद्र आणि संधिप्रकाश छापले जातात, खाली बारीक अक्षरात ‘कलावंताची कल्पना’ असे लिहिलेले असते, आणि ते कोणी वाचत नाही. त्या ग्रहाचा खरा पुरावा बहुधा ताऱ्याच्या उजेडातली एक बारीकशी घट असते. कल्पनेला बंदी नको, पण चित्राने आपण उपकरण आहोत की जाहिरात, हे सांगितले पाहिजे. ते कसे सांगावे, याचा नमुनाही म्युदोंचाच. तिथले जाँ-पिएर ल्युमिने यांनी १९७९ साली कृष्णविवर कसे दिसेल याचे गणित पंचकार्डांच्या संगणकावर केले आणि आलेल्या आकड्यांप्रमाणे शाईचे ठिपके हाताने मांडले. २०१९ साली एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची प्रतिमा आली तेव्हा काळोख्या मध्याभोवतीचे एका बाजूला अधिक तेजाळलेले कडे तिच्यातही होते.

म्हणून विजयदुर्गाच्या बाबतीत निकाल असा: हेलियमचे जन्मस्थान ही बिरुदावली किल्ल्याने खुशाल उतरवून ठेवावी. आरमारी इतिहास एवढा मोठा असताना त्याला उसन्या मोठेपणाची गरज नाही, आणि खरी गोष्ट खोटीपेक्षा सरस आहे. जगातल्या एका अव्वल शास्त्रज्ञाने इथे साध्या दर्यावर्दी माणसांच्या डोळ्यांवर विश्वास टाकला. ओट्याजवळच्या माहितीत १८६८च्या जागी २२ जानेवारी १८९८ ही तारीख यावी, आणि विज्ञानाचा दिवस साजरा करायचाच तर त्या दिवशी भाषणे कमी करून मुलांच्या हाती कागद-पेन्सिल द्यावी. २ ऑगस्ट २०२७चे, इथे खंडग्रास दिसणारे ग्रहण ऐन पावसाळ्यात आहे, तेव्हा कोकणाने त्यावर फार विसंबू नये. २० मार्च २०३४चे ग्रहण लडाखच्या बाजूला खग्रास आहे आणि इथे खंडग्रास दिसेल. मार्चमध्ये विजयदुर्गावर आकाश बहुधा मोकळे असते. ग्रहणाचा चष्मा लावावा, चौकोन आखलेला कागद घ्यावा, आणि जे दिसेल तेवढेच काढावे.