ऑपरेशनची तारीख लांब, पगार मात्र अर्धवट : आजारपणात घर कसं चालवायचं?



आपल्या वस्तीतली अनेक तरुण मुलं-मुली एमआयडीसीत, गोदामात, सिक्युरिटीत, हाऊसकीपिंगमध्ये ठेकेदारामार्फत काम करतात. एखाद्याला हर्निया निघतो, एखादीला गर्भाशयाची गाठ. डॉक्टर सांगतात, "ऑपरेशन करावं लागेल, नंबर लागला की कळवू." नंबर लागायला महिना लागतो, कधी तीन महिने. तोवर काम झेपत नाही आणि घरभाडं थांबत नाही. मग माणूस सावकाराचं दार ठोठावतो. महिना पाच टक्के म्हणजे वर्षाला साठ टक्के व्याज, हे त्या वेळी डोक्यात येत नाही. आजार बरा होतो, कर्ज मागे राहतं.

हे टाळायचं असेल तर आपला हक्क काय आहे आणि तो किती दिवस पुरतो, हे आधी माहीत हवं.

हा हक्क कुठून आला?

१९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे १९४३ मध्ये सोपवलं गेलं आणि १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्यातूनच पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. आज आपण ज्याला 'ईएसआय' म्हणतो ती हीच योजना. म्हणून पगाराच्या पावतीवरची ती छोटीशी कपात क्षुल्लक समजू नका.

किती कपात, किती लाभ?

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ही योजना लागू होते. कामगाराचे ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. १८,००० पगारावर तुमचे १३५ रुपये जातात. त्या बदल्यात स्वतःवर आणि कुटुंबावर उपचार मिळतात. शिवाय डॉक्टरांनी कामासाठी अपात्र ठरवलेल्या दिवसांची सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते.

हिशेब करून पाहू. दिवसाची सरासरी मजुरी ६०० धरली तर लाभ दिवसाला ४२० रुपये. पहिले दोन दिवस साधारणपणे धरले जात नाहीत. म्हणजे पहिल्या तीस दिवसांत २८ दिवसांचे ११,७६० रुपये हाती येतात. एरवीच्या १८,००० मधून ६,२४० ची तूट. घरखर्च या आकड्यावर बसवायचा आहे, जुन्या पगारावर नाही.

खरी अडचण ९१ दिवसांची

हा लाभ वर्षातून जास्तीत जास्त ९१ दिवस मिळतो. ऑपरेशनची वाट पाहणाऱ्याने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. वाट पाहण्यातच ७० दिवस गेले, तर ऑपरेशननंतर विश्रांतीसाठी उरतात फक्त २१. आणि खरी विश्रांती तेव्हाच लागते.

म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा : ऑपरेशनपर्यंत मला हलकं काम चालेल का? ओझं उचलायचं नाही, पण बसून काम चालेल, असं असेल तर तसं लिहून घ्या आणि सुपरवायझरला दाखवून काम बदलून मागा. मालक ऐकेलच असं नाही, पण मागितल्याशिवाय मिळणारही नाही. दिवस वाचवण्यासाठी दुखणं अंगावर काढणं मात्र चूक. डॉक्टर 'काम नको' म्हणाले तर काम नको.

कॅन्सर, क्षयरोग यांसारख्या ३४ दीर्घ आजारांसाठी नियम वेगळा आहे. सलग दोन वर्षं नोकरी आणि पुरेशी वर्गणी असेल तर ८० टक्के दराने, जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. आपला आजार त्या यादीत आहे का, हे शाखा कार्यालयात विचारा.

७८ दिवस भरलेत का?

लाभासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी. ऑक्टोबर ते मार्चची वर्गणी पुढच्या जुलै ते डिसेंबरसाठी मोजतात. एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी पुढच्या जानेवारी ते जूनसाठी. म्हणजे यंदा सप्टेंबरमध्ये आजारी पडलात तर मार्चपर्यंतचा हिशेब बघितला जाईल. नव्याने नोकरीला लागलेल्यांना हा रोख लाभ पहिले नऊ महिने मिळत नाही, उपचार मात्र मिळतात.

ठेकेदार पैसे कापतो पण भरत नाही, ही तक्रार नेहमीची. आपला विमा क्रमांक घेऊन वर्गणी ऑनलाइन तपासा. भरली नसेल तर पगारपावतीसह शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्या. ठेक्यावरच्या कामगाराच्या वर्गणीची जबाबदारी मुख्य मालकावरही असते.

तूट कशी भरायची?

१. पीएफ : स्वतःच्या आजारासाठी खात्यातून आगाऊ रक्कम काढता येते. यूएएन, आधार आणि बँक खातं जोडलेलं आहे का, हे आजच तपासा.

२. ऑपरेशनचा खर्च : ईएसआय रुग्णालयात सोय नसेल तर दुसऱ्या रुग्णालयात पाठवण्याचं पत्र लेखी घ्या. ईएसआय नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या असतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

३. रजा : महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार तो लागू असलेल्या ठिकाणी वर्षाला आठ पगारी किरकोळ रजा आहेत. त्या आणि साठलेली रजा आधी मोजा.

४. हप्ते : हप्ता चुकण्याच्या आधी बँकेत, बचत गटात, शाळेत जाऊन मुदत मागा. चुकल्यानंतर बोलणं अवघड होतं.

५. सावकार : परवान्याशिवाय सावकारी हा २०१४ च्या महाराष्ट्र कायद्यानुसार गुन्हा आहे. कोऱ्या कागदावर सही करू नका, एटीएम कार्ड गहाण ठेवू नका.

कार्यकर्त्यांनी काय करावं?

आजारी माणूस रांगेत उभा राहू शकत नाही. शाखा कार्यालय, तहसील, रुग्णालय या फेऱ्या त्याच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी मारायला हव्यात. प्रत्येक विहारात दोन तरुणांनी ही माहिती पक्की करून घेतली, रविवारी वंदनेनंतर तासभर बसून लोकांचे विमा क्रमांक आणि वर्गणी तपासून दिली, तरी अनेक घरं कर्जातून वाचतील. जयंतीच्या वर्गणीतला थोडा हिस्सा बिनव्याजी आजारपण निधीसाठी बाजूला काढता आला, तर सावकाराकडे जाणारी वाटच बंद होईल.

बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून ज्या कामाला हात घातला, त्याचा लाभ घरात पोचवणं आपल्या हातात आहे. सुरुवात आजच करा : स्वतःची पगारपावती काढा आणि वर्गणी भरली आहे का ते बघा.