मॅच मोठ्या पडद्यावर बघायचीय? डीटीएचचा सेट-टॉप बॉक्स प्रोजेक्टरला असा जोडा

महाराष्ट्रात क्रिकेट सगळीकडे आहे, पण पेठापेठांतला फुटबॉल बघायचा तर कोल्हापूरलाच यावं लागतं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब ही नावं इथल्या पोरांना शाळेच्या धड्याआधी पाठ होतात. २०१७ साली भारतात १७ वर्षांखालील वर्ल्डकप झाला, तेव्हा भारताच्या संघात याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता.

अशा गावात मोठी मॅच एकट्यानं मोबाईलवर बघण्यात मजा नाही. कुणाच्या तरी घरी प्रोजेक्टर असतो, कुणाकडे डीटीएच असतं. दोन्ही एकत्र आणले की झालं, असं वाटतं. मग किकऑफला पाच मिनिटं उरलेली असताना भिंतीवर निळा पडदा येतो आणि त्यावर लिहिलेलं असतं, ‘नो सिग्नल’.

हे का होतं आणि कसं टाळायचं, ते बघू.

छत्रीची वायर थेट प्रोजेक्टरला का चालत नाही?

डीटीएचचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. तिथून येणारा सिग्नल गच्चीवरची छत्री गोळा करते. छत्रीसमोरचा एलएनबी त्याची फ्रिक्वेन्सी कमी करून तो वायरीतून खाली पाठवतो. पण वायरीत अजून चित्र नसतं. अनेक चॅनेल एकत्र दाबून भरलेला डेटा असतो आणि पे चॅनेल कुलूपबंद असतात. ते उघडून चित्र तयार करायचं काम सेट-टॉप बॉक्सचं. प्रोजेक्टर फक्त तयार चित्र भिंतीवर टाकतो. म्हणून मध्ये बॉक्स हवाच.

जोडणी कशी करायची?

बॉक्स एचडी असेल तर मागे एचडीएमआयचं तोंड असतं. बॉक्सच्या ‘एचडीएमआय आउट’मधून निघालेली केबल प्रोजेक्टरच्या ‘एचडीएमआय इन’मध्ये लावायची. चित्र आणि आवाज दोन्ही त्यातूनच जातात. मग प्रोजेक्टरच्या रिमोटवर ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ दाबून बरोबर तोच एचडीएमआय नंबर निवडायचा. ‘नो सिग्नल’ची निम्मी भानगड इथंच मिटते.

बॉक्स जुना, साधा असेल तर पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन पिना असतात. पिवळी चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. बऱ्याच छोट्या प्रोजेक्टरना यासाठी ‘एव्ही’ लिहिलेलं एकच गोल तोंड असतं, त्याची वेगळी वायर मिळते. चित्र येतं, पण १०० इंचावर ते पसरट आणि धुरकट दिसतं. त्यात प्रोजेक्टरचा दोष नसतो. साध्या सिग्नलमध्ये तेवढेच बारकावे असतात.

लॅपटॉप मध्ये घालू नका

बॉक्सची केबल लॅपटॉपच्या एचडीएमआयला लावायची आणि लॅपटॉप प्रोजेक्टरला, असा जुगाड बरेच जण करून बघतात. तो चालत नाही. जवळपास सगळ्या लॅपटॉपचं एचडीएमआय तोंड फक्त चित्र बाहेर पाठवतं, आत घेत नाही.

दुसरी अडचण शाळा-क्लासमधल्या जुन्या प्रोजेक्टरची. त्याला फक्त निळं, १५ पिनांचं व्हीजीए तोंड असतं. एचडीएमआयचं व्हीजीए करणारा कन्व्हर्टर लावला तरी पुष्कळदा पडदा काळाच राहतो. कारण आहे एचडीसीपी. चित्र पाठवण्याआधी बॉक्स समोरच्या यंत्राला ओळख विचारतो. समोरचं यंत्र मान्यताप्राप्त असेल तरच चित्र सोडतो, म्हणजे कुणी मधेच रेकॉर्डिंग करू नये. व्हीजीएला ही ओळख देता येत नाही. अशा प्रोजेक्टरला पिवळ्या पिनेचं तोंड असेल तर ते वापरा, तिथं ही अट आड येत नाही.

तरीही काळा पडदा?

क्रमानं बघा. आधी दोन्ही यंत्रं बंद करा, केबल घट्ट बसवा, प्रोजेक्टर सुरू करा आणि मग बॉक्स. त्यानं ओळखीची देवाणघेवाण नव्यानं होते. तरी नाही आलं तर बॉक्स परत टीव्हीला लावा आणि सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन ७२०पी करा. मग पुन्हा प्रोजेक्टरला जोडा. स्वस्त प्रोजेक्टरच्या खोक्यावर ‘४के सपोर्ट’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ तो ४के सिग्नल स्वीकारतो एवढाच. प्रत्यक्ष भिंतीवर किती बारकावे पडतात, ते ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ सांगतं.

साधी एचडीएमआय केबल पाच मीटरपर्यंत सहसा त्रास देत नाही. त्यापुढे चित्र लुकलुकायला लागलं तर लांब केबल शोधत बसण्यापेक्षा बॉक्सच प्रोजेक्टरजवळ न्या. छत्रीची वायर मात्र जितके जोड द्याल तितका सिग्नल खाते. एकसंध वायर ओढलेली बरी.

किती अंतर, किती अंधार?

१०० इंचाचा पडदा म्हणजे साधारण २२१ सेंटीमीटर रुंद आणि १२५ सेंटीमीटर उंच. प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’ दिलेला असतो. त्याला रुंदीनं गुणलं की अंतर मिळतं. रेशो १.२ असेल तर सुमारे २.६५ मीटर, १.५ असेल तर ३.३ मीटर. मॅचच्या आधी टेप घेऊन खोली मोजली तर ऐनवेळी टेबल सरकवावं लागत नाही.

उजेडाचं माप बघताना नुसते ‘ल्युमेन’ बघू नका, ‘एएनएसआय ल्युमेन’ विचारा. पहिला आकडा कंपन्या हवा तसा फुगवतात.

आवाजाचं काय?

प्रोजेक्टरचा स्पीकर खोलीभर लोकांना पुरत नाही. ब्लूटूथ स्पीकर लावला तर आवाज किंचित मागं पडू शकतो. चेंडू जाळ्यात गेल्यावर समालोचक ओरडतो. त्यापेक्षा बॉक्सच्या लाल-पांढऱ्या पिना किंवा प्रोजेक्टरचं हेडफोनचं तोंड वायरनं अॅम्प्लिफायरला जोडा.

डीटीएचचा एक फायदा इथं सांगायला हवा. उपग्रहाचं प्रक्षेपण सहसा मोबाईल ॲपच्या पुढं असतं. शेजारच्या गल्लीतून आधी ‘गोल!’ ऐकू येतो आणि आपल्या मोबाईलवर मग दिसतो, त्याचं कारण हेच.

कोल्हापूरचा पाऊस आणि वीज

डीटीएच केयू बँडवर चालतं. त्याच्या लहरींची लांबी दोन-तीन सेंटीमीटर. जोरदार पावसाचे थेंब त्या शोषतात आणि विखुरतात, म्हणून धो-धो सरीत चित्र अडकतं. सर ओसरली की ते आपोआप परत येतं, छत्री हलवायला गच्चीवर पळू नका. छत्री वाऱ्यानं खरोखर हलली असेल तर गोष्ट वेगळी. डीडी फ्री डिश जीसॅट-१५ वरून, ९३.५ अंश पूर्वेकडून येतं. कोल्हापुरातून ती छत्री आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर बघायला हवी.

वळवाच्या विजा कडकडत असतील तर मॅच सोडा. विजा जवळ यायच्या आधीच बॉक्सचा प्लग काढा आणि छत्रीची वायरही सोडवा. गच्चीवरच्या धातूतून आलेला झटका एचडीएमआयमार्गे प्रोजेक्टरपर्यंत पोहोचू शकतो. एरवीही केबल लावताना-काढताना दोन्हीकडचे खटके बंद ठेवा. पत्र्याच्या मांडवात, ओल्या जमिनीवर एक्स्टेंशन बोर्ड ठेवून हे करू नका. अर्थिंग नसलेल्या बोर्डवर तर नकोच.

घरात चालतं, चौकात?

घरचं डीटीएच कनेक्शन घरच्यासाठी असतं. घरात मित्र जमले तर प्रश्न नाही. पण मंडळानं तिकीट लावून मॅच दाखवली तर ते कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३७ मध्ये अडकतं. पैसे घेऊन लोकांना प्रक्षेपण दाखवायला प्रक्षेपकाचा परवाना लागतो. फुकट दाखवायचं असलं तरी चौकात पडदा लावण्याआधी प्रक्षेपक आणि पोलीस दोघांनाही विचारा. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरवर बंदी असते, आणि परदेशातल्या मोठ्या मॅच आपल्याकडं नेमक्या त्याच वेळेत येतात.

म्हणून शेवटचं एकच. जोडणीची रंगीत तालीम आदल्या दिवशी करा. त्याच वेळी चॅनेलचं पॅकही सुरू आहे का ते बघून घ्या. सगळ्या वायरी बरोबर असूनही रिचार्ज संपल्यामुळं मॅच हुकली, तर दोष कुणाला देणार?