मास्कलाही आयुष्य असते

अमेरिकेत स्थायिक झालेले आपले आईवडील स्लीप ॲप्नियासाठी रात्री सीपॅप यंत्र लावत असतील, तर एकदा त्यांच्या मास्कची कड तपासून पाहा. सिलिकॉनची गादी वापराने आकार सोडते, फटीतून हवा निसटते, दाब अपुरा पडतो. घोरणे आणि दिवसाची पेंग परत येते. मग ‘यंत्राचा उपयोग नाही’ असे म्हणून ते बाजूला ठेवले जाते. दोष असतो तो झिजलेल्या मास्कचा.

मेडिकेअर विम्याच्या ‘पार्ट बी’मध्ये हे सुटे भाग ठरावीक मुदतीने बदलून मिळतात. मास्क व नळी दर 3 महिन्यांनी. नाकावरच्या मास्कच्या गाद्या महिन्याला 2, पूर्ण चेहऱ्याच्या मास्कची 1. वापरून टाकायचे फिल्टर महिन्याला 2. डोक्याचे पट्टे व पाण्याची टाकी दर 6 महिन्यांनी. वार्षिक डिडक्टिबल भरल्यानंतर मंजूर दराच्या 20 टक्के रक्कम आपण द्यायची, बाकी विमा देतो.

मात्र मुदत भरली म्हणजे वस्तू आपोआप घरी येते, असे समजू नका. पुरवठादार विचारणा करील, तेव्हा नव्या भागाची गरज असल्याचे स्पष्ट सांगावे लागते. मेडिकेअरचा दर मान्य करणाराच पुरवठादार निवडा आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा. दावा नाकारला गेला, तरी सूचना हाती आल्यापासून 120 दिवसांत अपील करता येते. संकोचापायी गळका मास्क वापरत राहणे म्हणजे उपचार अर्ध्यावर सोडणेच होय.