रानभुईमुगाचा गुण आपल्या भुईमुगात कसा येतो?



भुईमूग आऱ्या धरू लागला की पानांवर काळे-तपकिरी ठिपके येतात. हा टिक्का. पानाखाली विटकरी पुळ्या आल्या की समजावे, तांबेरा. पाने झडली की शेंगा पोचट राहतात आणि वैरणही जाते. दक्षिण अमेरिकेतल्या काही रानभुईमुगांना मात्र हे रोग फारसे बाधत नाहीत. मग तुम्ही म्हणाल, "दोघांचा संकर केला की झालं!" पण इथंच घोडं अडतं.

प्रत्येक पेशीत गुणांची वाहक अशी गुणसूत्रे असतात. आपल्या भुईमुगात ती 40, तर बहुतेक रानजातींत 20. संततीला दोघांकडून निम्मी मिळतात, म्हणजे 20 आणि 10 मिळून 30. असे रोप वाढते, फुलते, पण शेंग धरत नाही. कारण परागकण तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात. इथे 20 गुणसूत्रांच्या 10 जोड्या जमतात, उरलेली 10 एकटीच राहतात आणि वाट फुटेल तिकडे जातात. एका बैलावर जोडीचं औत चालेल का? तसंच हे. परागकण वांझ निघतात.

यावर उपाय कोल्चिसीनचा. हे विषारी द्रव्य आपल्या कळलावीतही असते. घरी प्रयोग करू नये. त्याने 30 ची 60 होतात आणि प्रत्येकाला जोडीदार मिळतो. मग त्या झाडाचा आपल्या भुईमुगाशी पुन्हा पुन्हा संकर करतात. पिढ्यान्‌पिढ्या जादा गुणसूत्रे गळत जाऊन 40 उरतात. त्यातून रोगाला दाद न देणारी, पण शेंग चांगली असलेली झाडे निवडतात. धारवाडच्या कृषी विद्यापीठाची जीपीबीडी 4 ही जात अशाच वंशातली. तिच्यात कार्डेनासी या रानजातीचा अंश आहे आणि ती टिक्का व तांबेरा दोन्हींना प्रतिकारक आहे.

आपण काय करावे?

1. प्रतिकारक जातीचे बियाणे खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावे.
2. भुईमुगात परागीभवन बहुतांशी त्याच फुलात होते. म्हणून निरोगी झाडांच्या शेंगा बियाण्यासाठी वेगळ्या राखता येतात. त्या नीट वाळवाव्यात, पेरणीच्या वेळीच फोडाव्यात.
3. त्याच रानात दरसाल भुईमूग घेऊ नये. रोगट पाला गोळा करून नष्ट करावा.

प्रतिकारक जात म्हणजे रोग मुळीच येणार नाही, असे नव्हे. पिकावर नजर ठेवावीच लागते.